पिक अप

रविवार, रात्री साडेदहा

आज पोरीचा इंग्रजीचा अभ्यास घेत होते. वाक्य आलं, शी पिक्ड अप मराठी इन थ्री मंथ्स. ती म्हणे, मम्मी, पिक अप म्हणजे उचलणं ना, मग मराठी कुठून उचलली हिनं? मी सांगणारच होते की इथं अर्थ शिकणं असा होतो, पाठ कर आणि पुढं चल, पण जीभ थांबली, कारण आपण पण म्हणतोच की, पोरगं पटकन उचलतं. मागच्या रेल्वे क्वार्टरमधला तेलुगू पोरगा दिवाळीत चाळीसगावला आला तेव्हा नुसता कोपऱ्यात उभा राहून बघायचा, आता गल्लीत क्रिकेट खेळताना आउट व्हयना, आउट व्हयना करून ओरडतो. अहिराणी त्याला कुणी शिकवली नाही, त्यानं ती उचलली.

मग मला आईचं शेत आठवलं. दिवसभर बायका वाकून कापूस वेचायच्या, बोंडातून चिमटीनं एकेक, ते नुसतं पिक. आणि संध्याकाळी गाठोडं बांधून झालं की दोघी हात लावून ते तिसरीच्या डोक्यावर चढवायच्या, ते पिक अप. पोरीला हेच सांगितलं, अप आलं की खालची वस्तू वर येते असं डोळ्यासमोर आण. फोन पिक अप, आजारी माणूस पिक अप करतं म्हणजे उठून बसायला लागतं, धंदा पिक अप करतो. कापसाच्या भावानं उचल खाल्ली असं आपल्याकडं पण म्हणतातच, आणि पोलिसांनी उचललं हे तर दोन्हीकडं सेम.

पण सगळीकडं नाही जमत हे पण सांगायला पाहिजे. पपांना स्टेशनवरून पिक अप कर म्हणजे घेऊन ये, उचलून आण नाही. आणि मजुरांना देतो ती उचल, म्हणजे आगाऊ पैसे, तिला इंग्रजीत अॅडव्हान्सच म्हणायचं, तिथं पिक अप लावायचं नाही. मला शाळेत हे असं कुणी सांगितलंच नव्हतं, वीस अर्थांची यादी लिहून दिली होती नुसती, त्याचं आजही वाईट वाटतं.

एक राहिलंच. पिक अप द बॅग चालतं, पिक द बॅग अप पण चालतं, पण इट आलं की ते मधेच बसतं, पिक इट अप. पोरीनं वहीत तीनदा पिक अप इट लिहिलंय, त्याला लाल पेनानं गोल केलाय पण का चुकलं ते लिहिलेलं नाही. उद्या सकाळी डबा भरून झाला की तेवढंच घेऊन बसते.