साठीत ब्रेसेस: दात हलतातच, जपायचं असतं ते त्याभोवतीचं

साठीत दातांना तार लावायची म्हटलं की पहिली शंका हीच येते: आता दात हलतील का? हलतात. दात हाडात पक्का चिणलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये साधारण ०.२ मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो. तारेचा हलका दाब पडला की दाबाच्या बाजूचं हाड पेशी विरघळवतात आणि मागे मोकळ्या झालेल्या बाजूला नवं हाड भरत जातं. हे काम कुठल्याही वयात चालतं. उतारवयात सुरुवात जरा सावकाश होते, पण दात एकदा चालू लागला की महिन्याला सुमारे १ मिलिमीटर हा वेग मोठ्यांनाही मिळतो.

वयानं बदललेलं असतं ते दाताभोवतीचं सगळं: हिरड्या, हाडाची उंची, लाळ, जुन्या कॅप आणि ब्रिज, रोजची औषधं, बोटांची पकड, जवळची नजर. ब्रेसेसशी जुळवून घेणं म्हणजे बहुतेक वेळा या गोष्टींशी जुळवून घेणं, आणि त्याची तयारी ब्रॅकेट, म्हणजे तार धरून ठेवणाऱ्या छोट्या चकत्या, दातांवर चिकटवण्याच्या आधीच सुरू व्हायला हवी.

सगळ्यात आधी हिरड्या. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी बारीक खुणांची सळई घालून दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीची खोली मोजतात. १ ते ३ मिलिमीटर ठीक. त्याहून खोल फटी असतील, हात लावताच रक्त येत असेल, तर आधी हिरड्यांचे उपचार आणि मग तार. हा क्रम उलटा करू नये, असं मला कळकळीनं सांगावंसं वाटतं. सुजलेल्या हिरडीतला दात ओढला की आधीच खाली गेलेलं हाड आणखी झिजतं आणि ते पुन्हा भरून येत नाही. हिरड्यांचा त्रास एकदा होऊन गेला असेल तर तार असेपर्यंत दर तीन महिन्यांनी सफाई करून घ्यावी. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात असणं हा याच तयारीचा भाग आहे. वाढलेल्या साखरेत हिरड्या लवकर बिघडतात आणि जखमा उशिरा भरतात.

दुसरं, औषधांची यादी, आणि ती पूर्ण. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेली औषधं इथं सगळ्यात महत्त्वाची. ॲलेन्ड्रोनेटची गोळी आठवड्याला एक असते, डेनोसुमॅबचं इंजेक्शन सहा महिन्यांनी, झोलेड्रोनिक ॲसिड बहुधा वर्षातून एकदा शिरेतून. रोज घेत नसल्यामुळे ‘कुठली औषधं चालू आहेत?’ या प्रश्नाला उत्तर देताना नेमकी हीच सांगायची राहतात. हाडाची झीज थांबवणं हेच त्यांचं काम, म्हणून दात सरकणं मंदावतं. दात काढावा लागला तर जबड्याची जखम न भरता हाड उघडं पडण्याचा धोकाही असतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर तेही सांगावं, पण दातांसाठी म्हणून त्या स्वतःहून बंद करू नयेत. निकेलची ॲलर्जी असेल, म्हणजे खोट्या दागिन्यांनी किंवा घड्याळाच्या पट्ट्यानं पुरळ उठत असेल, तर तेही आधीच बोलावं. तारेत निकेल असतं आणि त्याला पर्याय मिळतात.

तिसरं, तोंडातलं जुनं काम. इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवलेलं कृत्रिम मूळ, हाडाला थेट जखडलेलं असतं, मध्ये तंतूंचा थर नाही, त्यामुळे ते एक केसभरही सरकत नाही. ते चुकीच्या जागी असेल तर बाकीचे दात त्याच्याशी जुळवावे लागतात. योग्य जागी असेल तर मात्र इतर दात ओढायला तो उत्तम खुंटा होतो. ब्रिजचे, म्हणजे पडलेल्या दाताची जागा भरायला शेजारच्या दातांवर बसवलेल्या जोडकॅपचे, दात एकमेकांना बांधलेले असतात, म्हणून ते सुटे सरकत नाहीत आणि कधी ब्रिज कापून वेगळा करावा लागतो. सिरॅमिकच्या कॅपवर ब्रॅकेट नीट धरत नाही. दाताच्या आवरणावर फॉस्फोरिक ॲसिडचा जेल १५ ते ३० सेकंद ठेवला की पृष्ठभाग खरखरीत होऊन ब्रॅकेट धरतं, पण कॅपला ते पुरत नाही. ती वेगळ्या पद्धतीनं खरवडून वर खास द्रव लावावा लागतो, आणि तरीही तिथलं ब्रॅकेट इतरांपेक्षा जास्त वेळा सुटतं. रूट कॅनल झालेला दात मात्र बिनघोर हलवता येतो. काढता-घालता येणारी अर्धी कवळी असेल तर दात सरकतील तशी ती बसेनाशी होणार, तिची व्यवस्था आधी ठरवून ठेवावी. रात्री दात खातात म्हणून वापरायचं गार्डही बसणार नाही.

दाढांभोवती धातूचं कडं बसवायचं असेल तर त्याआधी काही दिवस फटीत छोटी रबरी रिंग घालतात. दातात काहीतरी अडकून बसल्यासारखं सतत वाटतं. दोन-तीन दिवसांत ते कमी होतं. रिंग निसटली तर कळवावं, कारण जागा पुन्हा मिटते. ब्रॅकेट चिकटवताना काही दुखत नाही. तोंड तास-दीड तास उघडं ठेवून जबडा अवघडतो, म्हणून मध्ये थांबायला सांगायला संकोच करू नये.

दुखणं सुरू होतं ते घरी गेल्यावर, काही तासांनी. दुसऱ्या दिवशी ते सर्वांत जास्त असतं आणि तीन ते सात दिवसांत ओसरतं. दात ठणकत नाहीत, दुखऱ्या जखमेसारखे लागतात: दातावर दात टेकला की कळ येते. सुरुवातीची तार बहुतेकदा निकेल-टायटॅनियमची असते, बारीक आणि गोल. तोंडाच्या उष्णतेनं ती ताठ होते आणि थंडाव्यात सैल पडते. म्हणून गार पाण्याचा घोट तोंडात धरला की लगेच आराम वाटतो आणि गरम पेयानं कळ वाढते. गोळी लागलीच तर पॅरासिटामॉल, आपल्या डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या टाळाव्यात. त्या ज्या रसायनांना अडवतात त्यांच्यावरच दात सरकणं अवलंबून असतं, शिवाय रक्तदाब, मूत्रपिंड आणि रक्त पातळ करणारी औषधं यांच्याशी त्यांचं जमत नाही. दात थोडे हलतात असं जाणवेल. ते अपेक्षितच आहे. एकच दात खूप हलू लागला, किंवा हिरडीतून पू आला, तर मात्र पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

गाल आणि ओठ घासून तोंड येणं हा पहिल्या पंधरवड्यातला खरा त्रास. या वयात तोंडातलं अस्तर पातळ झालेलं असतं आणि लाळ कमी, म्हणून तो तरुणांपेक्षा जास्त टिकतो. टोचणाऱ्या ब्रॅकेटवर लावायला खास मेण मिळतं. ते लावताना चूक एकच होते: ओल्या ब्रॅकेटवर लावणं. आधी दात घासावेत, मग कापसानं किंवा टिश्यूनं ते ब्रॅकेट कोरडं करावं, वाटाण्याएवढं मेण बोटांत फिरवून मऊ करावं आणि दाबून बसवावं. जेवताना काढावं, नंतर नवं लावावं. पोटात गेलं तरी अपाय नाही. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा खळखळून चूळ भरली की घासलेली जागा लवकर निवते. अल्कोहोल असलेला माउथवॉश नको, तो आणखी कोरड पाडतो. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: तारेनं झालेला फोड कारण दूर केल्यावर भरतो. दोन आठवड्यांत न भरणारी जखम ‘तारेचीच असेल’ म्हणून सोडून देऊ नये, तपासून घ्यावी.

खाण्यात मऊपणापेक्षा तुकड्याचा आकार जास्त महत्त्वाचा. पुढच्या दातांनी तोडायचं नाही. सुरीनं बोटाच्या पेराहून लहान तुकडे करायचे आणि मागच्या दातांनी चावायचे. बर्फ, कठीण कवचाचं काही आणि चिकट टॉफी हे तिन्ही पूर्ण बंद. चावणं कधी फारच बिकट होतं, ते तारेमुळे नव्हे, तर दातांवर लावलेल्या छोट्या टेकूंमुळे. खालची ब्रॅकेट वरच्या दातांखाली चिरडू नयेत म्हणून हे टेकू लावतात. मग जबडा मिटल्यावर दोनच ठिकाणी टेकतो आणि घास दळलाच जात नाही असं वाटतं. आठवड्या-दोन आठवड्यांत जीभ आणि जबडा नवी रीत शिकतात. तोवर मऊ शिजवलेलं खावं, पण प्रथिनं कमी पडू देऊ नयेत. कॅल्शियमच्या चघळायच्या गोळ्या असतील तर त्याऐवजी गिळायच्या गोळ्या किंवा पातळ औषध मागून घ्यावं.

आता घासणं. सगळ्यात जास्त वेळ इथं जायला हवा, कारण ब्रॅकेटभोवती साचलेल्या थरानं महिन्याभरातच दातावर पांढरे डाग उमटू शकतात आणि ते तार काढल्यावरही राहतात. उतारवयात आणखी एक ठिकाण धोक्याचं: हिरडी खाली गेल्यानं उघडं पडलेलं मूळ. त्यावर कठीण आवरण नसतं, तिथं कीड पटकन लागते. मऊ ब्रश ४५ अंशांत हिरडीच्या कडेवर धरून एक फेरी, मग ब्रॅकेटच्या वरून खाली तिरकस, मग खालून वर. त्यानंतर फटीचा छोटा ब्रश तारेखालून प्रत्येक ब्रॅकेटच्या दोन्ही बाजूंना. तो जोर न लावता जाईल अशा मापाचा घ्यावा आणि केस फिसकटले की बदलावा. रात्री एकदा तारेखालून दोरा ओवून फटी साफ कराव्यात. पाण्याच्या फवाऱ्याचं यंत्र अडकलेले कण काढतं, चिकट थर मात्र ब्रशनंच निघतो. पेस्ट साधारण १४५० पीपीएम फ्लोराइडची, आणि घासल्यावर फक्त थुंकायचं, चूळ भरायची नाही. तोंड फार कोरडं पडत असेल तर डेंटिस्टकडे ५००० पीपीएमच्या पेस्टबद्दल विचारावं. रक्तदाब, नैराश्य, ॲलर्जी यांवरच्या बऱ्याच गोळ्या लाळ आटवतात. त्या कोरडेपणावर उपाय म्हणून गोड गोळी चघळत बसणं हा कीड लागण्याचा हमखास रस्ता. दम्याचा स्टेरॉइड असलेला पंप घेत असाल तर प्रत्येक वेळी नंतर चूळ भरावीच.

बोटांचे सांधे आखडत असतील तर उभं राहून आरशासमोर दोरा ओवणं जिवावर येतं. खुर्चीत बसून, टेबलावर मोठं दाखवणारा आरसा आणि दिवा ठेवून, चष्मा लावून करावं. ब्रशच्या दांड्यावर फोमची नळी चढवली की पकड जाड होते. इलेक्ट्रिक ब्रश चालतो. हे सगळं नीट केलं तर एका वेळी पाच मिनिटं लागतात, रात्री दोऱ्यासकट दहा.

बिघाड कोणते होतात ते माहीत असलं की घाबरगुंडी उडत नाही. काही आठवड्यांनी मागच्या दाढेपाशी तारेचं टोक टोचू लागतं. तार बहुधा सरकलेली नसते, गर्दीतले दात सरळ होताना उरलेली तार मागे निघते. पेन्सिलच्या मागच्या स्वच्छ रबरानं ते दाबून पाहावं, नाहीतर मेण लावावं. घरी कापणं हा अगदी शेवटचा उपाय, आणि तेव्हाही तुकडा घशात जाऊ नये म्हणून मागे कापड धरून. ब्रॅकेट सुटून तारेवरच फिरत असेल तर ओढू नये, मेणानं स्थिर करून फोन करावा. सुटा तुकडा गिळला गेला तर तो बहुधा आपोआप बाहेर पडतो. पण त्यानंतर खोकला थांबेना किंवा श्वासाला घरघर लागली तर तो श्वासनलिकेत गेलेला असू शकतो. थेट रुग्णालय गाठावं. डोक्याचा किंवा मानेचा एमआरआय ठरला तर ब्रेसेस असल्याचं तारीख घेतानाच सांगावं. धातूमुळे चित्रात काळे डाग येतात आणि कधी तार तात्पुरती काढावी लागते. ऑपरेशनसाठी भूल द्यायची असेल तर भूलतज्ज्ञांनाही आधीच कल्पना द्यावी.

दात सरळ झाले की खालच्या पटाशीच्या दातांमध्ये, हिरडीलगत, काळे त्रिकोण दिसू लागतात. उपचार बिघडला असं वाटून मन खट्टू होतं. दात एकमेकांवर चढलेले असताना हिरडी खाली गेल्याचं दिसत नव्हतं, आता दिसतं इतकंच. दातांच्या कडा अगदी किंचित, एका फटीत ०.५ मिलिमीटरपर्यंत, घासून दात जवळ आणले की ते बरेच लहान होतात. हे आधीच विचारून ठेवलेलं बरं.

एकूण काळ बहुतेकांचा दीड ते दोन वर्षांचा, भेटी चार ते आठ आठवड्यांनी. तार काढल्यावर रिटेनर येतो, म्हणजे दात परत सरकू नयेत म्हणून धरून ठेवणारं साधन: आतून चिकटवलेली बारीक तार किंवा काढता-घालता येणारा. हाड कमी झालेल्या दातांना तो कायमचा लागतो. आत चिकटवलेली बारीक तार एखाद्या दातापासून सुटली तरी ती जागची हलत नाही, म्हणून आरशात कळत नाही. रोज रात्री बोटाचं टोक तिच्यावरून फिरवावं. एका दातापाशी ती दबली, तर त्याच आठवड्यात दाखवावं. काढता येणारा रिटेनर एके दिवशी घट्ट वाटला तर तो जास्त तास घालावा, आणि बसतच नसेल तर जोरानं न ढकलता तसाच घेऊन ऑर्थोडॉन्टिस्टकडे, म्हणजे तार लावणाऱ्या डॉक्टरांकडे, जावं.