जीपच्या स्टेअरिंगचा प्ले आणि वरची बेरिंग

जुन्या जीपच्या स्टेअरिंगला प्ले आला, म्हणजे ते ढिलं होऊन नुसतंच हलायला लागलं, की जो तो पहिलं गाडीखाली शिरतो. चाकांना जोडणाऱ्या दांड्यांची टोकं म्हणजे टाय रॉड एंड बदला, चाक ज्यावर वळतं ती किंगपिन बघा, नाहीच जमलं तर स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळा. वरती, स्टेअरिंगच्या अगदी खाली कॉलमच्या, म्हणजे स्टेअरिंगचा शाफ्ट (दांडा) ज्या नळीतून खाली जातो तिच्या, तोंडात एक बेरिंग असते हे कुणाच्या ध्यानातच येत नाही, आणि मला ह्याचाच राग येतो, कारण गिऱ्हाईकाचे पैसे खाली जात राहतात आणि दुखणं वर तसंच राहतं.

आमचं गॅरेज कोल्हापुरात. पावसाळ्याच्या तोंडावर गगनबावड्याकडचे एक आण्णा गाडी घेऊन आले, महिंद्राची सीजे थ्री बी, उंच बॉनेटवाली, वडिलांनी घेतलेली आणि अजून शेताच्या वाटेवर रोज चालणारी. आण्णा म्हणाले, "मिस्त्री, सगळं बदलून झालंय बघा, तरी गाडी हातात राहत न्हाई. घाट उतरताना जीव मुठीत धरून बसायला लागतंय." त्यांचा घाट म्हणजे करूळचा, एका बाजूला दरी आणि पावसाळ्यात धुकं असं की पुढचं वळण दिसत नाही. म्हटलं आण्णा, गाडी ठेवून जावा, आधी बघू तरी द्या.

खाली खरंच सगळं नवीन होतं. आमच्या गॅरेजच्या पोराला स्टेअरिंगवर बसवलं, थोडं थोडं डावी-उजवीकडं हलव म्हटलं आणि मी खाली झोपून बघत बसलो. बॉक्सच्या बाहेरचा पिटमन आर्म लगेच हलत होता, त्याला जोडलेली ड्रॅग लिंक ठीक, तिचा जोर टाय रॉडांकडं वळवणाऱ्या मधल्या बेलक्रँकला थोडा खेळ होता पण एवढ्यानं घाटात जीव मुठीत यावा असा नव्हता. पुढचा एक्सल जॅकवर घेऊन चाकं वर-खाली धरून हलवली, किंगपिन घट्ट. मग उठून मी स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरलं, फिरवलं नाही, नुसतं माझ्याकडं ओढलं, मग वर उचललं, मग बाजूला ढकललं. अख्खं स्टेअरिंग शाफ्टसकट कॉलममध्ये टकटक करत इकडून तिकडं गेलं. आणि बाजूला ओढून धरलं की हॉर्न दाबल्यावर वाजायचा, सोडलं की दाबूनही वाजत नव्हता. तिथंच कळलं, कारण शाफ्ट मधोमध राहिला नाही की हॉर्नचा कॉन्टॅक्ट ब्रश रिंगला नीट टेकत नाही.

फिरवताना येणारा प्ले वेगळा आणि असा आडवा हलणारा प्ले वेगळा, हे दोन आधी वेगळे करायचे. ह्या जीपला रॉस टाईपचा स्टेअरिंग बॉक्स असतो, शाफ्टच्या खालच्या टोकाला मळसूत्रासारखा कॅम असतो, त्याच्या खोबणीत लिव्हरच्या दोन निमुळत्या पिना बसतात. खालचं टोक बॉक्समधल्या बेरिंगांवर आणि वरचं टोक ह्या एका कॉलम बेरिंगवर, एवढाच त्या लांब शाफ्टला आधार. वरचा आधार गेला की ड्रायव्हरच्या हाताचा सगळा जोर आडवा होऊन खालच्या बेरिंगांवर जातो. आणि खड्ड्यात हात स्टेअरिंगसकट हलला की ड्रायव्हरला वाटतं गाडी भरकटली, तो उलट फिरवतो आणि मग गाडी खरोखरच भरकटते.

स्टेअरिंग काढायला पुलरच, म्हणजे ओढून काढायचं अवजारच, लावायचा, आणि नट पूर्ण काढायचा नाही, शेवटच्या दोन-तीन आट्यांवर ठेवायचा, नाहीतर सुटलं की थेट तोंडावर येतं. शाफ्टवर आणि स्टेअरिंगच्या मधल्या हबवर पंचनं खूण केली. शाफ्टचं टोक बघितलं तर हातोड्यानं ठोकून चेपलेलं, आधी कुणीतरी वरनं घण घातलेला. असं ठोकलं की सगळा मार खाली बॉक्समधल्या गोळ्यांना आणि त्यांच्या कपांना बसतो, हे ठोकणाऱ्याला दिसत नाही एवढंच.

आत बेरिंग नव्हतीच म्हणा. पिंजरा तुटलेला, गोळ्या निम्म्या गायब, आणि पोकळी भरायला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून वर पत्र्याची पट्टी ठोसलेली. पण खरी गोष्ट म्हणजे स्प्रिंग नव्हती. हबच्या खाली एक स्प्रिंग असते, तिच्याखाली निमुळतं सीट, म्हणजे शाफ्टवर सरकणारी कडी, ते सीट स्प्रिंगच्या दाबानं बेरिंगच्या आत बसून राहतं आणि बेरिंग थोडी झिजली तरी शाफ्टला मध्यावर धरून ठेवतं. कुणीतरी कधीतरी स्टेअरिंग काढताना स्प्रिंग आणि सीट दोन्ही फेकून दिलेले, तिथनं पुढं बेरिंग खडखडून मेली. ट्यूबनं चार दिवस आवाज बंद झाला असेल, आजार थोडीच बरा होतो.

शाफ्टवर बेरिंगच्या जागी चर पडलेली. आण्णांचा मुलगा म्हणाला, "मिस्त्री, वेल्डिंग भरून लेथवर घ्या की, पक्कं काम हुईल." मी स्पष्ट नाही म्हटलं. स्टेअरिंगच्या शाफ्टला वेल्डिंग मी करत नाही आणि कुणी करू पण नये, तापलेल्या जागेच्या कडेला लोखंड कडक होतं, तिथंच पुढं बारीक चीर जाते आणि ती बाहेरनं दिसत नाही. बाकी पार्ट तुटला तर गाडी थांबते, हा तुटला तर गाडी थांबत नाही. पोरगं गप्प झालं, आण्णांनी मान हलवली.

बेरिंग जुन्या जीपच्या स्पेअरवाल्याकडं मिळाली, सीट मात्र कुठंच मिळेना. मग शाफ्टला बारीक एमरी मारून व्हर्नियरनं माप घेतलं आणि शिवाजी उद्यमनगरात ओळखीच्या टर्नरकडं गेलो, बोअर (आतलं भोक) झिजलेल्या शाफ्टच्या मापाचा आणि पुढचा भाग निमुळता, असं सीट त्यानं माझ्यासमोर करून दिलं. कोल्हापूरच्या टर्नरच्या हाताला तोड नाही, बोटानं सरकवलं तर मऊ सरकलं आणि आडवं हलवलं तर काहीच नाही. स्प्रिंग पण तिथंच मापाची मिळाली. कॉलमचं तोंड फाकलं होतं ते आत गोल बार घालून हळू हळू ठोकून गोल केलं, बेरिंग ग्रीस भरून सरळ दाबून बसवली, डॅशबोर्डखालचा कॉलमचा क्लॅम्प पण ढिला होता, त्याला नवीन रबर घालून आवळला.

राहिला बॉक्सचा स्क्रू. आधीच्यानं प्ले जावा म्हणून तो इतका आवळलेला की वळणानंतर स्टेअरिंग परत येत नव्हतं. चाकं सरळ ठेवून तो सैल केला, कारण ह्या कॅमची खोबण मध्यावर घट्ट असते, म्हणून सेटिंग सरळ चाकांवरच करायचं, मग जरा जरा आवळत आणलं, कुठं अडकत नाही बघून लॉकनट लावला. बॉक्समध्ये तेल कमी होतं ते भरलं.

संध्याकाळी आण्णांना शेजारी बसवून रंकाळ्याकडनं बाहेर काढली आणि मुद्दाम खराब रस्त्यानं घेतली. मग त्यांना चालवायला दिली. थोडं पुढं जाऊन ते म्हणाले, "हॉर्न वाजतोय की ओ!" आणि मग नुसतेच वाजवत बसले. मी त्यांना सांगितलंय, बेलक्रँकची बेरिंग आणि पिन पाऊस संपला की करायला आणा, तेवढं काम ह्या गाडीचं अजून बाकी आहे.