तुम्ही विचारलंत म्हणून: ‘मलापण ओसीडी आहे, तुझंही तसंच का?’

लग्नात, ऑफिसात, कुठंही विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, अगं ओसीडी मलापण आहे, ओट्यावर पाण्याचा एक थेंब चालत नाही मला, तुझंही तसंच ना? आता तुम्हीपण विचारलंत म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. नाही हो, तसं नाही. ओसीडी म्हणजे ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर, मनाचा आजार आहे तो, टापटिपीची आवड नव्हे. माझं कपाट उघडाल तर साड्यांचा गोळा अंगावर पडेल.

माझं होतं ते गॅसचं. सकाळी दाराला कुलूप लावलं की डोक्यात यायचं, बटण नीट फिरलं का? परत आत, बघायचं, बंद. कुलूप लावून जिन्यात आले की परत, मघाशी हात लावून बघताना चुकून चालू तर नाही ना केलं? अशा नादात रोजची लोकल चुकायची. मोबाइलमध्ये गॅसच्या बटणांचेच फोटो साठलेले, आणि फोटो बघूनही वाटायचं, हा कालचा असेल. गंमत म्हणजे गॅस बंद आहे हे मला माहीत असायचं, डोळ्यांना दिसत असायचं, फक्त मनाला पटायचं नाही.

नको असलेला विचार सारखा घुसतो ते ऑब्सेशन, आणि त्याची भीती शमवायला जे करावंच लागतं ते कम्पल्शन. केलं की दोन मिनिटं जीव भांड्यात पडतो, आणि खरी गोम तिथंच आहे, कारण मेंदू शिकतो की तपासलं म्हणून वाचलो, मग पुढच्या वेळी आणखी हट्ट करतो. यात दिवसाचा तासाभराहून जास्त वेळ जातोय का, कामधंदा अडतोय का, हे डॉक्टर विचारतात. टापटिपीची आवड असणाऱ्याला आवरून झाल्यावर छान वाटतं, मला छान कधीच वाटलं नाही, फक्त थोडा वेळ सुटल्यासारखं.

आणि कम्पल्शन बाहेरून दिसेलच असं नाही. भाचा कडेवर असताना गॅलरीत उभी राहिले आणि मनात आलं, हातून खाली पडला तर? मीच टाकला तर? त्या दिवसापासून मी त्याला उचलणंच सोडलं, आणि मनातल्या मनात एकशेआठ वेळा देवाचं नाव, एक चुकलं की पहिल्यापासून. हे दोन वर्षं कुणाला सांगितलं नाही, म्हटलं लोक मला राक्षसीण समजतील. डॉक्टरांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, असले विचार बहुतेकांच्या डोक्यात येऊन जातात, तुम्ही त्यांना धरून बसता एवढंच. रडलेच मी तिथं.

आपल्याकडे याला जुना शब्द आहे की, मंत्रचळ. आजीच्या एका जावेला होता म्हणे, धुवून धुवून हातांची सालं निघायची, पण घरात सोवळंओवळं एवढं कडक की आजार कुणाला वाटलाच नाही, उलट कौतुकच व्हायचं.

मला गोळ्या होत्या, डिप्रेशनला देतात त्याच जातीच्या, पण ओसीडीला डोस बऱ्याचदा जास्त लागतो आणि फरक कळायला दोन-तीन महिने जाऊ शकतात, मी तिसऱ्या आठवड्यातच ‘काही उपयोग नाही’ म्हणून बंद करायला निघालेले. सोबत थेरपी, तिला ईआरपी (एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन) म्हणतात. म्हणजे मुद्दाम न तपासता निघायचं आणि जी धडधड होईल ती होऊ द्यायची. अक्षरशः घाम फुटायचा. पण न तपासताही ती हळूहळू उतरते, हे अंगानं कळायला लागतं.

सगळ्यात अवघड गेलं ते नवऱ्याला. बिचारा रोज दहादा सांगायचा, ‘बंद आहे गं, मी बघितलंय.’ थेरपिस्टनं त्यालाच सांगितलं, हे सांगणंसुद्धा तिचं कम्पल्शनच आहे, प्रेमानं उत्तर टाळा. त्याला तो दुष्टपणा वाटायचा.

गेल्या महिन्यात दोन दिवस कोल्हापूरला गेलो. मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही, पनवेलपर्यंत दोघंही गप्प. परत आलो तर गॅस बंदच होता. बाथरूमचा दिवा मात्र दोन दिवस चालू, आणि शेवटी आंघोळीला गेला होता तो.