अर्ध्याच्या अलीकडे की पलीकडे?

बुधवार. अमळनेर तालुका.

कापूस वेचणी जोरात आहे, त्यामुळे पाचवीचा वर्ग सध्या विरळच. अशा दिवसांत मी नवा धडा पुढे रेटत नाही, जुनंच पक्कं करून घेतो. आज अपूर्णांकांचा लहानमोठेपणा घेतला.

३/७ मोठा की ५/८? फळ्यावर लिहायचा अवकाश, लगेच तिरकस गुणाकार सुरू. तीन आठे चोवीस, पाच साते पस्तीस, ५/८ मोठा. उत्तर बरोबर. पण '५/८ म्हणजे साधारण केवढा रे?' असं विचारलं की सगळे छताकडे बघतात. ही रीत लवकर शिकवायला मला आवडत नाही ती यासाठीच. उत्तर हाती लागतं, अंदाज येत नाही.

वह्या मिटायला लावल्या. व्हरांड्यात दोन खांबांना सुतळी बांधली. एका टोकाला ०, दुसऱ्याला १, मधोमध लाल चिंधी म्हणजे अर्धा. पुठ्ठ्याचे तुकडे आणि कपड्यांचे चिमटे पोरांच्या हातात. छेदाची निम्मी करायची आणि अंश तिच्याशी ताडून बघायचा, बस. सातची निम्मी साडेतीन, अंश तीनच, म्हणजे चिंधीच्या अलीकडे. आठची निम्मी चार, अंश पाच, म्हणजे पलीकडे. ४/९ आणि ६/११ तर पोरांनी चालता चालता लटकवले.

दोन्ही पलीकडे गेले की खरी मजा. ५/८ आणि ७/१२ दोन्ही अर्ध्याहून एकेका भागाने जास्त. पण आठवा भाग बाराव्यापेक्षा मोठा, म्हणून ५/८ पुढे. हे एका मुलीने आपणहून सांगितलं.

मग ७/८ आणि ८/९. मागच्या बाकावरून आवाज आला, "दोन्हीमा एकच कमी शे ना सर, मंग सारखाच." दरवर्षी कुणीतरी हे म्हणतंच, आणि तसं वाटणं साहजिक आहे. वर्तमानपत्राच्या दोन सारख्या पट्ट्या कापल्या. आठच्या घड्या झटपट होतात. नऊसाठी आधी तीन घड्या घालून त्याच पुन्हा तिनात दुमडायच्या, तिथे जरा ओढाताण होते. दोन्हींचा शेवटचा तुकडा फाडून एकावर एक ठेवला. आठवाला बोटभर बाहेर डोकावला. तोच पोरगा म्हणाला, "नऊवालामाथीन बारीक तुकडा गया. मंग तोच मोठा."

सगळं चिंधीवर भागत नाही हेही दाखवलं. २/३ आणि ५/७ दोन्ही पलीकडे, पण पुढे कोण ते नजरेला ठरत नाही. तिथे समच्छेदच बरा, १४/२१ आणि १५/२१. परीक्षेत तर पायऱ्या मांडाव्याच लागतात. पण तिथेही उत्तर अर्ध्याच्या अलीकडचं आलं, तर काहीतरी चुकलंय हे पोरांना आता आपलं आपण कळेल.

सुतळी सोडताना एकीने विचारलं, पावाला पण चिंधी बांधायची का? आमचे आजोबा पावकी, निमकी, पाऊणकी हे पाव, अर्धा, पाऊणचे जुने पाढे घडाघडा म्हणायचे. या पोरांना ते माहीतही नाहीत, पण पाव चांगला कळतो. दुसरी चिंधी पावावर बांधली आणि फळ्याच्या कोपऱ्यात उद्यासाठी लिहून ठेवलं: २/९ की ३/११?