देवयानी, दोन-दोन सेकंदांची

स्टॅकिंग म्हणजे रात्रीच्या आकाशाचे शंभर फोटो एकमेकांवर रचायचे आणि उजेड शंभरपट करायचा, अशी माझी पक्की समजूत होती. या एका समजुतीपायी माझ्या तीन रात्री आणि त्याहून जास्त संध्याकाळी गेल्या.

साहित्य साधंच होतं. एपीएस-सी सेन्सरचा जुना डीएसएलआर, ८५ मिमीची लेन्स, जरासा डुगडुगणारा ट्रायपॉड आणि ठरावीक अंतरानं आपोआप फोटो काढणारा इंटरव्हलोमीटर. आकाशाबरोबर कॅमेरा फिरवणारा ट्रॅकर नव्हता. लक्ष्य ठरवलं देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिका. ती २५ लाख प्रकाशवर्षं लांब असली तरी आकाशात जवळजवळ तीन अंश पसरलेली आहे, म्हणजे सहा पूर्णचंद्र ओळीनं ठेवावेत एवढी. एवढी मोठी वस्तू म्हणजे सोपी, असा माझा हिशोब. मोठी असली तरी तिचा उजेड तेवढ्या सगळ्या जागेत वाटला गेलेला असतो, हे ध्यानात आलं नव्हतं.

पहिली रात्र अमावास्येच्या आसपासची. शर्मिष्ठेच्या पाच ताऱ्यांत जो कोन जास्त टोकदार आहे त्याचा रोख धरून खाली आले, तेव्हा डोळ्यांना एक पुसट डाग दिसला. लेन्सची रिंग अनंताच्या खुणेवर नेली, तारे लांबट न होता शटर किती सेकंद उघडं ठेवता येईल ते सांगणारा '५००चा नियम' लावला (५०० भागिले लेन्सच्या मिमींचा आकडा, माझा सेन्सर लहान असल्यानं ८५ ची दीडपट धरून ५०० भागिले १२७, म्हणजे चार सेकंद) आणि चाळीस फोटो काढले. जेपीईजी. घरी येऊन शंभर टक्के झूम केला तर प्रत्येक तारा फुगलेला आणि वर लांबट. स्वल्पविरामांनी भरलेलं पानच जणू.

दोन्ही चुका वेगळ्या. फुगण्याचं कारण ती अनंताची खूण. बहुतेक ऑटोफोकस लेन्सची रिंग अनंताच्या थोडी पुढेही फिरते, त्यामुळे खुणेवर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. लाइव्ह व्ह्यू, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावरचं थेट दृश्य, चालू करायचा, एखादा तेजस्वी तारा मधोमध घ्यायचा, पडद्यावर दहापट मोठा करायचा आणि ठिपका लहानात लहान होईपर्यंत रिंग केसभर इकडे, केसभर तिकडे. मग रिंगवर चिकटपट्टी.

लांबट ताऱ्यांसाठी मात्र कागद-पेन्सिल घेऊन बसावं लागलं. पृथ्वी स्वतःभोवती फिरते त्यामुळे वैषुविक वृत्ताजवळचा (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर असलेल्या आकाशातल्या वर्तुळाजवळचा) तारा दर सेकंदाला १५ विकला सरकतो; विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग. देवयानीची क्रांती, म्हणजे त्या वृत्तापासूनचं अंतर, उत्तर ४१ अंश, तिथे हा वेग साडेअकराच्या आत येतो. माझ्या सेन्सरचा एक पिक्सेल सुमारे ४ मायक्रॉनचा. ८५ मिमीच्या लेन्समधून तो आकाशाचा जेमतेम पावणेदहा विकलांचा तुकडा पाहतो. म्हणजे चार सेकंदांत तारा साडेचार-पाच पिक्सेल पळणार. ५००चा नियम फिल्मच्या काळात ठीक असेल, आजच्या बारीक पिक्सेलपुढे तो फारच उदार आहे. दोन सेकंदांवर आणलं की पळ सव्वादोन पिक्सेलांवर येतो. तेवढा मला चालणार होता.

पण दोन सेकंदांत दिसणार काय? इथेच मला वाटलं, काय हरकत आहे, फोटो वाढवू. उजेड बेरजेनं येईल.

दुसऱ्या रात्री रॉ फाइल (सेन्सरचे कच्चे आकडे जसेच्या तसे ठेवणारी), आयएसओ १६००, छिद्र एफ २.८ (पूर्ण उघडलं की माझ्या लेन्सच्या कोपऱ्यात ताऱ्यांना पंख फुटतात), लेन्समधलं स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचे ३०० फोटो. 'लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन'ही आठवणीनं बंद केलं. पहिल्या रात्री ते चालू राहिल्यानं कॅमेरा प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ शटर मिटून बसत होता आणि मी तो बिघडला म्हणून घाबरले होते. मधल्या एका सेकंदाच्या विश्रांतीसकट पाव तासात काम संपलं.

स्टॅकिंगसाठी डीपस्कायस्टॅकर हे मोफत सॉफ्टवेअर घेतलं. फोटो टाकले, नोंदणी केली, स्टॅक म्हटलं, आणि उत्तर आलं की ३०० पैकी एकच फ्रेम स्टॅक होईल. हा प्रकार पहिल्यांदा करणाऱ्या कितीतरी जणांना छळतो. हे सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेममधले तारे शोधतं, त्यांचे त्रिकोण जुळवून एक फ्रेम दुसरीवर बसवतं. तारे शोधण्याची मर्यादा चढी ठेवली की त्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके तारे सापडतात आणि जुळणी होत नाही. फार खाली आणली की ते नॉइजच्या, म्हणजे फोटोत आपोआप उमटणाऱ्या दाणेदारपणाच्या, ठिपक्यांनाच तारे समजायला लागतं. मी सरकपट्टी हलवत हलवत दर फ्रेमला दीडेकशे तारे मिळतील अशा जागी आणली, तेव्हा गाडी चालू झाली.

पाऊण तासानं निकाल आला. काळा. काळा म्हणजे, एका सुट्या फोटोत निदान एक पिवळट डाग दिसत होता, इथे तोही नाही. मी तीनदा पुन्हा स्टॅक केलं. तिन्ही वेळा काळंच. शेवटी आकाशदर्शनातल्या एका जुन्या मित्राला फोन लावला. तो पलीकडून शांतपणे म्हणाला, "फाइल ताणलीस का?"

"ताणायची म्हणजे?"

"मग तुझं काहीच चुकलेलं नाहीये. हिस्टोग्राम उघड, उजेडाचा आलेख."

उघडला. सगळा फोटो डाव्या भिंतीला चिकटलेल्या एका सुईसारख्या शिखरात गोळा झाला होता. त्यानं सांगितलं तसं मधलं बटण डावीकडे ओढलं, म्हणजे अंधारातले आकडे उजळवले (ताणणं ते हेच), आणि पडद्यावर, आधी राखाडी धुकं आणि मग त्या धुक्यात तिरकी, लंबगोल, मध्ये झगझगीत अशी देवयानी वर आली. खुर्चीतून उठले होते, हे नंतर कळलं.

तर मुद्दा हा, की इथे होते ती सरासरी. उजेड एका कणानंही वाढत नाही, नॉइज खाली बसतो. एकाच पिक्सेलचं उदाहरण घेऊ. समजा तिथल्या रिकाम्या आकाशाचा आकडा ४०० आहे, आणि दीर्घिकेची अंधूक कडा त्यात फक्त ५ ची भर घालते. पण सुट्या फ्रेममध्ये तो आकडा स्थिर नसतो. कधी ३७५, कधी ४३५, असा तिसेक आकड्यांनी नाचतो. तिसाच्या नाचात पाचाची भर कोण ओळखणार? आता ३६ फ्रेमची सरासरी घेतली की नाच सहापट कमी होऊन ५ वर येतो. भर आणि नाच तोडीस तोड. ३०० फ्रेमला तो पावणेदोनच्या आत, ९०० फ्रेमला १. भर मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत ५ ची ५. फ्रेमच्या संख्येचं वर्गमूळ काढायचं, तेवढ्या पटीनं नॉइज घटतो. तळ शांत झाला म्हणूनच त्या पाच आकड्यांना ताणून डोळ्यांना दिसतील असं करता येतं. पहिल्या रात्रीचे जेपीईजी ताणून पाहिले तर पट्टे पट्टे उमटले, कारण त्यात प्रत्येक रंगाच्या २५६च पायऱ्या; माझ्या रॉ फाइलमध्ये १४ बिटांच्या १६,३८४.

वर्गमूळाची दुसरी बाजू निष्ठुर आहे. ३०० वरून ६०० वर गेलं तर मेहनत दुप्पट आणि फायदा १.४ पट. शिवाय प्रत्येक फ्रेम वाचताना कॅमेरा स्वतःचा थोडा नॉइज मिसळतो, त्यामुळे दोन सेकंदांचे ९०० तुकडे हे ट्रॅकरवरच्या अर्ध्या तासाच्या तोडीचे होत नाहीत. ट्रॅकर असलेल्यांचा हेवा वाटतो तो इथे.

मोठी फाइल नीट पाहिली आणि आनंद ओसरला. पार्श्वभूमीवर पाऊस पडत होता. हजारो बारीक, तिरक्या, समांतर रेघा. आधी लेन्सवर दव आलं असेल म्हणून लेन्सला दोष दिला. मग पहिली आणि तीनशेवी फ्रेम शेजारी शेजारी ठेवली, दीर्घिका कुठून कुठे सरकली ती रेघ पडद्यावर बोटानं ओढली, आणि पावसाची दिशा नेमकी तीच निघाली. सेन्सरचे दोष जागचे हलत नाहीत, पण सॉफ्टवेअर तारे एकमेकांवर बसवण्यासाठी प्रत्येक फ्रेम थोडी सरकवतं. तिच्याबरोबर दोषही सरकतात आणि तीनशे फ्रेममध्ये एकेक पुसट दोष एकेक रेघ ओढतो. मघाशी म्हटलेला सरासरीचा नियम आंधळेपणानं नाचणाऱ्या नॉइजला लागू आहे. ठरावीक जागी ठाण मांडून बसलेल्या दोषाला तो बधत नाही.

त्यावर दोन उपाय, आणि तिसऱ्या रात्री मी दोन्ही केले. पहिला म्हणजे कॅमेरा अधूनमधून मुद्दाम हलवायचा. एरवीही दीर्घिका तासाला अकरा अंशांहून जास्त सरकते म्हणून चौकट पुन्हा लावावी लागतेच. मी दर पाच मिनिटांनी लावली, आणि दर वेळी दीर्घिका थोडी वेगळ्या जागी ठेवली. याला डिदरिंग म्हणतात. हबल दुर्बिणीनं डिसेंबर १९९५ मध्ये सप्तर्षीतल्या एका जवळजवळ रिकाम्या ठिपक्याकडे दहा दिवस पाहून ३४२ एक्स्पोजर घेतले आणि त्यातून हजारो दीर्घिकांचं ते गाजलेलं 'हबल डीप फील्ड' जुळवलं, तेव्हा तिनंही रोख मधूनमधून असाच किंचित बदलला होता. माझ्या डुगडुगत्या ट्रायपॉडला एवढं चांगलं कुळ असेल असं वाटलं नव्हतं.

दुसरा उपाय डार्क फ्रेम. लेन्सला झाकण लावून त्याच आयएसओवर, तेवढ्याच सेकंदांचे, आणि हे महत्त्वाचं, तेवढ्याच थंडीत काढलेले काळे फोटो. त्यांत फक्त सेन्सरचे दोष असतात. सॉफ्टवेअर ते मूळ फोटोंतून वजा करतं. घरी येऊन उबदार खोलीत काढले तर गरम पिक्सेल (अंधारातही चमकणारे) वेगळेच निघतात. मी सामान आवरता आवरता कॅमेरा तसाच ट्रायपॉडवर ठेवून ४० डार्क काढले. बायस म्हणजे सर्वात कमी वेळाचे काळे फोटो. ते दोन मिनिटांत झाले.

राहिले फ्लॅट. लेन्सचे कोपरे काळवंडतात आणि सेन्सरवरच्या धुळीची गोल सावली पडते, ते दोन्ही काढायला एकसारख्या उजेडाचे फोटो लागतात. लेन्सवर पांढरा टीशर्ट ताणायचा, समोर लॅपटॉपचा पांढरा पडदा, फोकस आणि छिद्र जसं होतं तसं. सोपं काम. रात्रीचे अडीच वाजलेले, बोटं गारठलेली, आणि टीशर्टला रबर बांधताना चिकटपट्टीखालची रिंग सरकली असावी. तेव्हा कळलं नाही.

या वेळी ९०० फ्रेम होत्या. त्यांपैकी २२ मध्ये उपग्रहांच्या रेघा आणि एकीत विमान, दिव्यांसकट. त्या फेकून द्यायला निघाले होते, पण कप्पा-सिग्मा पद्धतीनं सरासरी काढली तर गरज पडत नाही. प्रत्येक पिक्सेलचे ९०० आकडे घ्यायचे, त्यांचा नेहमीचा नाच किती ते पाहायचं आणि कुणी एकटाच फार उंच उडाला असेल तर त्याला बाहेर काढायचं. विमान ८९९ फ्रेममध्ये तिथे नव्हतं, म्हणून ते नव्हतंच. ताऱ्यांच्या गोलाईवरून सॉफ्टवेअर गुण देतं, त्यातल्या तळाच्या दहा टक्के फ्रेम मात्र काढल्या. त्या मी चौकट लावताना ट्रायपॉडला धक्का लागलेल्या होत्या.

पुढचं काम सिरिल या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. आधी पार्श्वभूमीचा चढउतार वजा केला, कारण क्षितिजाच्या बाजूला दूरच्या दिव्यांचा तांबूस उजेड होता. मग रंग, मग ताणणं. ताणताना काळा बिंदू (ज्याच्या खालचं सगळं निव्वळ काळं होतं तो) पुढे ओढण्याचा मोह आवरावा लागतो. आकाश छान काळंभोर होतं आणि त्याबरोबर ज्या पाच आकड्यांसाठी एवढा खटाटोप केला तेच कापले जातात. मी हे दोनदा केलं आणि दोन्ही वेळा मागे फिरले. आता माझं आकाश गडद राखाडी आहे आणि मला ते तसंच आवडतं.

पाऊस गेला. गाभ्याच्या कडेला धुळीचा काळा पट्टा दिसतो, जेमतेम, पण दिसतो. एम ३२ ही सोबतीण दीर्घिका एखाद्या फुगलेल्या ताऱ्यासारखी, आणि दुसऱ्या बाजूला एम ११० या दुसऱ्या सोबतिणीचा लांबट, मऊ ढग. हा ढग दुसऱ्या रात्रीच्या फोटोत पावसाच्या रेघांमध्ये मला सापडला नव्हता. सुट्या फ्रेममध्ये, जागा माहीत असूनही, अजून सापडत नाही.

खाली डाव्या कोपऱ्यात एक फिकट कडं आहे, बांगडीएवढं गोल. फ्लॅटमधली धूळ आणि मूळ फोटोंतली धूळ एकमेकींवर नीट बसली नाही, त्याची ती खूण. लोकांना दाखवताना फोटो तेवढा कापून दाखवते.