समईमागची पेटी

दिवाळी अंकाचं कव्हर होतं. चार रंग आणि पाचवा सोनेरी, पँटोन कंपनीच्या रंगयादीतला ८७१. पूर्ण सोनेरी जमीन, मधोमध पितळी समईचा कट केलेला फोटो आणि तिची मऊ काळपट सावली. सोनेरी शाई अपारदर्शक, म्हणून ती आधी सिंगल कलर मशीनवर मारायची आणि सुकली की वर चार रंग, असं ठरलं होतं.

सकाळी साडेनऊला मशीनवाले काका ओला शीट हातात धरून माझ्या टेबलाशी आले. "अरे, ही चौकट पार्टीला हवीच आहे का?"

समईसाठी सोनेरीत भोक पडणारच, फोटो तिथे बसतो. पण ते समईच्या आकाराचं हवं, इथे पेटीच्या आकाराचं पडलं होतं. सावली जिथवर पसरते तेवढा आख्खा आयत पांढरा, कडा सुरीने कापल्यासारख्या. मेकरेडी, म्हणजे मशीन जुळवताना वाया जाणारे शीट, धरून दीडशे शीट गेले होते. काकांनी विचारलं नसतं तर तीन हजार गेले असते.

प्लेट उजेडात धरली, तीच पेटी. म्हणजे घोळ मशीनवर नाही, माझ्या खोलीत, जिथे फाइलीवरून प्लेट निघतात. फाइल ॲक्रोबॅटमध्ये उघडली, आउटपुट प्रिव्ह्यू लावला. सावली झकास, सोन्यावर अलगद उतरलेली. मग ओव्हरप्रिंट, म्हणजे खालचा रंग न खोडता त्यावर छापणं, दाखवणारी खूण काढली आणि सावलीभोवती पांढरा आयत उभा राहिला. पोटात गोळाच आला.

डिझायनर मुलीला फोन लावला. आवाज चढलाच होता. "फाइल फ्लॅटन करून, सगळं चपटं करून का दिलीस?"

"सर, तुमच्याच ऑफिसात भिंतीवर लिहिलंय. फक्त एक्स-वन-ए."

मान वळवून पाहिलं. पिवळा पडलेला कागद, अक्षर माझंच.

एक्स-वन-ए प्रकारच्या पीडीएफमध्ये पारदर्शकता जिवंत ठेवताच येत नाही. पीडीएफला ती मुळात २००१ साली १.४ आवृत्तीत मिळाली, आणि हा प्रकार मूळ रूपात १.३ वर बेतलेला. त्यामुळे सेव्ह होतानाच सावलीचं चपटं चित्र होतं. चित्र म्हटलं की ते आयताकृती. खाली स्पॉट कलर, म्हणजे सोनेरीसारखी वेगळी शाई, असेल तर या चित्राला ओव्हरप्रिंट लावलेला असतो, म्हणजे 'खालचं सोनं खोडू नको, माझा काळा त्यावर चढव'. फाइलीवरून प्लेटचं चित्र बनवणारं सॉफ्टवेअर म्हणजे रिप. त्याने ते ऐकलं तर सावली, नाही ऐकलं तर पेटी.

आमचा रिप ऐकत नव्हता, कारण मीच त्याला ऐकू नको म्हणून सांगितलं होतं. मागे एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या लोगोला चुकून ओव्हरप्रिंट लागलेला होता. पांढरी शाई तर नसतेच. लोगो गडद निळ्यात विरघळून गेला आणि बिलाची रक्कमही. त्या रागात मी फाइलमधले सगळे ओव्हरप्रिंट दुर्लक्षित करायची सेटिंग लावली, काळ्या मजकुराचा ओव्हरप्रिंट रिपलाच करायला सांगितला आणि विसरलो. प्रूफही रिपमधून न काढता थेट कलर प्रिंटरवर काढलेलं. ते सुंदर आलं होतं. संपादकांनी त्यावर सहीसुद्धा केली होती.

मुलीला म्हटलं, "एक्स-फोरमध्ये पाठव, त्यात पारदर्शकता चालते. सावली आहे तशी राहू दे, आमचा रिप निस्तरेल." दहा मिनिटांत फाइल आली. रिपची सेटिंग पूर्ववत केली आणि प्लेट काढायच्या आधी, या खेपेला, एकेक रंग बंद-चालू करून पूर्ण कव्हर तपासलं. सोनेरीत आता फक्त समईएवढं भोक. सावलीच्या काळ्याखाली सोनं सलग.

मग मलपृष्ठावर आलो. तिथे एका पतसंस्थेची जाहिरात, गडद हिरव्या पट्ट्यावर पांढरा लोगो. आधीच्या प्लेटवर होता. आत्ता पट्टा नुसता हिरवा.

क्लिक करून पाहिलं. पांढरा, शंभर टक्के ओव्हरप्रिंट.

तेवढी खूण काढली, फाइल पुन्हा रिपला टाकली, पाचही प्लेट नव्या काढल्या. सोनेरी प्लेट घेऊन स्वतःच खाली गेलो. काकांनी ती खिडकीपाशी नेली, तिरकी धरली, भिंग लावून समईची कड पाहिली आणि मशीनवर चढवली. वर येताना भिंतीवरचा कागद काढला. टेप इतका जुना की रंगाचा पोपडा सोबत आला.