मामांचा ऊस आणि लेस्टरचा व्हिसा

परदेशातल्या मुलीचा पगार चांगला आहे म्हणजे आई-वडिलांचा व्हिसा झालाच, असं आपल्याकडे सगळे धरूनच चालतात. माझ्या मामेबहिणीचंही तसंच. ती आणि तिचा नवरा इंग्लंडात लेस्टरला, दोघंही नोकरीला. एप्रिलमध्ये बाळंतपण, म्हणून मामा-मामींना बोलवायचं होतं. पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, घरभाड्याचा करार, निमंत्रणाचं पत्र असं सगळं एका फोल्डरमध्ये घालून तिनं मला पाठवलं आणि म्हणाली, "ताई, आता तू फक्त फॉर्म भर." मी कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत टॅक्सची कामं करते. त्यामुळं घरात कुठलाही फॉर्म आला की तो माझ्याच टेबलावर येतो.

तिचे कागद चोख होते. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसाला नातेवाईक खर्च उचलू शकतो, घरी ठेवून घेऊ शकतो. त्याचं नातं, ऐपत आणि तिथलं राहणं कायदेशीर आहे एवढं दाखवायचं. (तिथं राहायच्या परवान्याची बीआरपी कार्डं 2024 च्या अखेरीस संपली. आता ई-व्हिसाचा, म्हणजे त्याच परवान्याच्या ऑनलाइन नोंदीचा, शेअर कोड द्यायचा, तो 90 दिवस चालतो.) पण अर्ज मामांचा आणि मामींचा असतो, तोही दोघांचा वेगवेगळा. आणि तो बघणाऱ्या अधिकाऱ्याचा मुख्य प्रश्न एकच: ही माणसं सहा महिन्यांच्या आत परत जाणार का? त्याचं उत्तर लेस्टरच्या पगारात कुठून मिळणार? ते कागल तालुक्यातल्या उसाच्या फडात होतं.

मामांना हे सांगितलं तर चिडलेच. "आमी काय तिथं ऱ्हायाला चाललोय व्हय? लावण कोण करणार मग?"

म्हटलं, मामा, हेच तर कागदावर आणायचंय.

आता शेतकऱ्याचं कागदावर आणणं सोपं नाही. शेतीच्या उत्पन्नाला प्राप्तिकर नाही, म्हणून मामांनी आयुष्यात कधी रिटर्न भरलेलं नाही. नोकरदाराला फॉर्म 16 असतो, पेन्शनवाल्याला पेन्शनचा कागद असतो. मामांच्याकडं काय, तर पासबुक. आणि ते पासबुक परक्या माणसानं बघितलं तर घाबरेल. महिनोन् महिने दोन-चार हजारांची ये-जा आणि मग एकदम मोठी रक्कम. ती उसाच्या बिलाची. आपल्याला ते बघताक्षणी कळतं. तिकडच्या टेबलावर बसलेल्याला वाटणार, कुणीतरी व्हिसासाठी पैसे टाकलेत. त्यात विकास सोसायटीचं पीककर्ज कारखान्याच्या बिलातूनच परस्पर वळतं होतं. म्हणजे खात्यावर येतं ते उरलेलं, खरं उत्पन्न त्याहून बरंच जास्त. म्हणून कारखान्याची बिलपट्टी काढली, तिच्यावरची कर्जाची कपात आणि पासबुकातली जमा शेजारी शेजारी लावली, आणि मामांच्या नावानं एक पानाचं पत्र लिहिलं: गळीत हंगाम साधारण कधी ते कधी, पैसे वर्षातून असे का येतात, जुलैत उसाच्या आडसाली लावणीसाठी परत यायलाच का लागतं. सगळ्या अर्जात मला ते पान महत्त्वाचं वाटतं. मुलाखतीला बहुतेक वेळा कुणी बोलवत नाही. कागदानं सांगितलं तेवढंच पलीकडं पोचतं.

मधे ओळखीतला एक एजंट मामांना भेटून गेला. दहा लाख महिनाभर खात्यात फिरवून घ्या, सोय मी करतो म्हणाला. मामा जवळजवळ तयार झाले होते. ते पैसे आले कुठून हे विचारलं तर काय सांगणार? शिवाय अर्जात फसवणूक सापडली तर दहा वर्षं दार बंद होऊ शकतं. मी जरा मोठ्या आवाजातच बोलले त्या दिवशी.

मामींचं काम मात्र झटक्यात झालं, आणि याचं घरात सगळ्यांना नवल. दोन म्हशी मामींच्या, संस्थेत दूध मामींच्या नावावर, गोकुळ दूध संघाचं बिल दर दहा दिवसांनी त्यांच्या खात्यावर. ज्या बाईला सगळे 'घरीच असते' म्हणतात तिचं स्टेटमेंट घरात सगळ्यात नियमित निघालं. दूध संस्थेच्या सचिवांचं पत्र घेतलं, मुलगा आणि सून घरी आहेत, माघारी म्हशी तेच बघणार, हेही लिहिलं.

डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत निघतो, आठ-अही ऑनलाइन मिळतो. पण इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदाचं पूर्ण भाषांतर लागतं, आणि त्यावर भाषांतर बरोबर असल्याचं निवेदन, तारीख, भाषांतरकाराचं नाव, सही, संपर्क. नुसता गोल शिक्का चालत नाही. मामेबहिणीचा पासपोर्ट सासरच्या आडनावानं, म्हणून तिचा जन्मदाखला आणि विवाह नोंदणीचा दाखला दोन्ही जोडले. नाहीतर ही मुलगी यांचीच हे कळायचं कसं?

बाळंतपणाचं लिहायचं की नाही यावर फोनवर वाद झाला. जावईबापूंचं म्हणणं, नुसतं 'फिरायला' लिहा. मी ऐकलं नाही. नातवंडाजवळ थोडे दिवस राहून हातभार लावायला तिथल्या नियमांची आडकाठी नाही. फक्त ती बाळ सांभाळायची नोकरी होता कामा नये. खरं कारण चांगलं असताना खोटं कशाला?

बोटांचे ठसे द्यायला पुण्याला गेलो. मामांची बोटं कोयत्यानं आणि मातीनं इतकी गुळगुळीत झालेली की रेशन दुकानातसुद्धा मशीन त्यांना ओळखत नाही. इथं पुन्हा पुन्हा दाबून एकदाचे उमटले. टीबीची तपासणी लागत नाही, ती सहा महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्यांना. विमा सक्तीचा नाही, पण काढायला लावला. पाहुण्याला तिथल्या सरकारी दवाखान्यात दाखल व्हावं लागलं तर दीडपट बिल लावतात.

तीन आठवड्यांच्या आतच दोन्ही पासपोर्ट आले, सहा-सहा महिन्यांचे व्हिसे लागून.

आता भांडण सामानाचं आहे. गूळ घ्या, कांदा-लसूण मसाला घ्या, पण भारतातून दूध-तूप असलं काही ब्रिटनमध्ये नेता येत नाही, हे मी मामींना सांगून बसले. तेव्हापासून त्या माझ्याशी नीट बोलत नाहीत. "दोन म्हशी दारात, आन् लेकीच्या बाळंतपणाला मी तूप न घेता जातो व्हय? त्या साहेबाला पत्रात ह्ये बी लिवायचं हुतंस की."